वसूदादा कलकत्त्याला का आला नाही

ईरा आणि कबीर,

मागे व्हिडिओ कॉलवर ईराने मला विचारलं होतं, "आजी, नागपूरचे वसूआजोबा तुझे सख्खे भाऊ ना? मग ते तुझ्या घरी कधीच कसे आले नाहीत?" मी म्हटलं, नेटवर्क नीट नाही, नंतर बोलू. नेटवर्क चांगलं होतं. वसूदादाला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि तो असेपर्यंत ही हकीकत सांगायची की नाही हे त्याने ठरवायचं होतं. त्याने ती कुणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली. आता ती पूर्ण ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, तेव्हा लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. माझी शाळा, कॉलेज, पुढची नोकरी सगळं त्याच भाषेत झालं. तुम्हालाही ते बरं पडलं असतं. पण ही गोष्ट मराठीत घडली, आणि मराठी नसती तर ती घडलीच नसती. अडेल तिथे तुमच्या आईला मोठ्याने वाचायला सांगा.

आमचं घर एस्प्लनेडच्या मागच्या एका गल्लीत होतं. खाली अण्णांचा दवाखाना, वर आम्ही. अण्णा म्हणजे माझे वडील, दाताचे डॉक्टर. कलकत्त्यात दवाखान्याला चेंबर म्हणतात, म्हणून आम्हीही चेंबरच म्हणायचो. सकाळी पहिली ट्राम वळण घ्यायची तेव्हा चेंबरमधल्या काचेच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणायच्या, आणि त्या आवाजाने वरच्या मजल्यावर आई उठायची. ती मूळची नागपूरची. आमच्याकडे पोळीबरोबर झुणका आणि भातावर बंगाली पोस्तो, म्हणजे वाटलेल्या खसखशीची भाजी, असं एकाच ताटात चालायचं. रविवारी गोळाभात. शेजारच्या मुखर्जीकाकू वाटी घेऊन यायच्या, गोळे मोडून बघायच्या आणि विचारायच्या, यात मासा कुठे आहे? कोकम नागपूरला मिळत नाही आणि कलकत्त्यालाही नाही, ते अण्णांच्या बहिणीकडून रत्नागिरीहून पार्सलने यायचं. डबा उघडला की अण्णा नाक आत घालून डोळे मिटून उभे राहत. आई म्हणायची, "पुरे आता, सगळा वास तुम्हीच संपवाल."

दुपारी चेंबरमध्ये अण्णांना मदत करायला आई स्वतः जायची. कंपाउंडर ठेवून पाहिले होते, पण एक झोपायचा आणि दुसऱ्याला रक्त बघवायचं नाही. आईने पांढरा एप्रन शिवून घेतला आणि पदर खोचून ती खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहू लागली. चिमटा, आरसा, कापूस, काय हवं ते अण्णांनी न मागता त्यांच्या हातात येई. त्यांची तोंडं मात्र दुसऱ्याच कामात असत. पेशंटच्या वासलेल्या तोंडावर दोघांचं घरचं बोलणं चाले. सगळे बंगाली नाहीतर मारवाडी पेशंट, मराठी कुणाला कळतंय! त्यामुळे गॅस बुक करण्यापासून माझ्या गणितापर्यंत, आणि मावशीच्या नणदेच्या मोडलेल्या लग्नापासून समोरच्या माणसाच्या घोरण्यापर्यंत, सगळं तिथे निघे. "याची बायको याच्या शेजारी झोपते कशी?" असं आई अगदी गोड चेहऱ्याने विचारायची, आणि पेशंटला वाटायचं, आपल्या दाढेची काळजी चालली आहे. एक पेशंट मला चांगला आठवतो. धुतलेलं धोतर, त्याचा निऱ्यांचा शेव पंजाबीच्या, म्हणजे बंगाली झब्ब्याच्या, खिशात खोचलेला, बोलणं मऊ, चेंबरच्या दाराशी चपला काढून आत यायचा. नाव दत्तबाबू सांगितलं होतं. अक्कलदाढ सुजलेली, म्हणून अण्णा आधी औषध देऊन सूज उतरवत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आईला म्हणाले, "तोंड आहे की पानाची टपरी?" आई हसली. दत्तबाबू छताकडे बघत शांत पडून राहिले.

मी शाळेतून आले की चेंबरच्या मागच्या भागात बसायची. मध्ये दुधी काचेचं पार्टिशन होतं. तिथे हत्यारं उकळायचं भांडं आणि माझं दप्तर, दोन्ही एकाच टेबलावर. म्हणून हे सगळं मला माहीत आहे.

आता वसूदादा. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. तुम्ही पाहिलेला वसूआजोबा जाडा होता, पत्ते खेळताना उघड उघड फसवायचा आणि पकडला गेला की टाळ्या वाजवायचा. हा वसूदादा बारीक, केस मागे फिरवलेले, मिशनरी शाळेतलं फर्डं इंग्रजी बोलणारा, आणि बी.एस्सी.ला एकदा बसून दुसऱ्यांदा बसायचं टाळणारा. अण्णांना तो दाताचा डॉक्टर व्हायला हवा होता. त्याला दुसऱ्याच्या तोंडात हात घालायची किळस यायची. घरात या विषयावर भांडण कधी झालं नाही, आणि तेच वाईट होतं. अण्णा ताटाकडे बघून जेवत, वसूदादा खिडकीकडे बघून.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सिनेमागृहात एक जुना अमेरिकन सिनेमा पुन्हा लागला होता. काळा-पांढरा, गुंडांचा. एका लॉन्ड्रीत काम करणाऱ्या तरुण पोराची गोष्ट. तो इस्त्रीचे शर्ट पोचवायला शहरातल्या एका बड्या गुंडाकडे जातो. गुंड त्याला थांबवून विचारतो, माझ्या कॉलरला इतका कडकपणा कोण आणतं? एवढंच. आजवर त्या पोराला कुणी त्याच्या कामाबद्दल काही विचारलेलं नसतं. पुढे तो शर्टांबरोबर आणखी काही पोचवू लागतो. वसूदादाने हा सिनेमा किती वेळा पाहिला याला हिशेब नाही. घरात तो कॉलर वर करून फिरायचा आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलायचा. आई म्हणायची, "तोंडाला वारा लागलाय का रे? मेथीचा शेक देऊ?"

एकदा तो मलाही घेऊन गेला. लाल गाद्यांच्या खुर्च्या, डोक्यावर हळूहळू फिरणारे पंखे, मध्यंतरात काचेच्या बाटलीतला सोडा. सिनेमा रंगात आला, आता त्या पोराचं काय होणार म्हणून मी खुर्चीच्या कडेला आले, आणि वसूदादा उठून म्हणाला, "चल."

"अरे, संपायचाय अजून!"

"शेवट बंडल आहे. चल म्हणतो ना."

बाहेर आलो तर पुढच्या खेळाची गर्दी जमत होती. मला त्याने घराच्या दिशेने ढकललं आणि स्वतः गेटपाशी एका खांबाला टेकून उभा राहिला. मी वळून पाहिलं. येणाऱ्याच्या कानाजवळ तोंड नेऊन तो हळूच काहीतरी बोलत होता. ब्लॅकची तिकिटं विकणाऱ्याला पुढचा खेळ सुरू होण्याआधी गेटवर असावंच लागतं, हे मला कळायला थोडे दिवस लागले. आईला बहुतेक माझ्या आधी कळलं. मी घरी येऊन शेवट पाहिला नाही म्हणून कुरकुरले, आणि दुसऱ्या दिवशी तिने चेंबरमधून सुटी घेतली, ठेवणीतलं लुगडं नव्हे, साधी पांढरी बंगाली साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल, मला दाखव तो सिनेमा."

तिला इंग्रजी येत नव्हतं. मी कानात सांगत होते. बंदुका निघाल्या की ती पदर तोंडाशी न्यायची, पण डोळे मिटले नाहीत. शेवटी तो पोरगा बाजारात, सडक्या भाज्यांच्या ढिगाशेजारी मरून पडतो आणि बडा गुंड गाडीतून निघून जातो. त्याची कॉलर तेवढी कडक दिसते. दिवे लागले. आई बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "तो मोठा माणूस शेवटी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही." घरी जाताना परत म्हणाली, "बघतसुद्धा नाही गं."

त्या रात्री तिने वसूदादाला सरळ विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं. खोटं त्याला कधीच नीट जमलं नाही. सिनेमागृहांसमोरचा सगळा ब्लॅकचा धंदा हारूदा नावाच्या माणसाचा होता. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं; हारूदा गल्लीत उभा राहत नसे. त्याचा खरा धंदा खिदिरपूरच्या गोदीत होता. परदेशी जहाजांवरचे खलाशी घड्याळं, कॅमेरे, ट्रान्झिस्टर चोरून उतरवत, आणि त्यांच्याशी चांगल्या इंग्रजीत बोलेल असा सभ्य चेहऱ्याचा मुलगा हारूदाला हवा होता. वसूदादा गेले कित्येक महिने खलाशांबरोबर हॉटेलात बसत होता. "मी काही चोरत नाही, आई," तो म्हणाला. "मी फक्त बोलतो. आणि ते माझं ऐकतात." हे शेवटचं वाक्य त्याने अण्णांकडे बघून म्हटलं. अण्णांनी ताट बाजूला सारलं. सोड म्हणून त्यांनी सांगितलं, हो म्हणून त्याने मान हलवली, आणि कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

मग तो रविवार आला. दुपारचा खेळ सुटल्यावर सिनेमागृहाच्या मागच्या बोळात हारूदाच्या भाच्याने दुसऱ्या टोळीच्या एका मुलाच्या पोटात सुरा खुपसला. वसूदादा तिथे होता. त्याने काही केलं नाही. नुसता उभा होता. तो घरी आला तेव्हा त्याच्या पायात एकच चप्पल होती. संध्याकाळी हारूदाचा निरोप घेऊन एक माणूस आला, दारातच उभा राहिला, आणि आईने पुढे केलेलं पाणी पिऊन अगदी समजावणीच्या सुरात बंगालीत बोलला. जखमी मुलगा जगेल असं दिसत नाही. पोलिसांना कुणीतरी हवं आहे. भाच्याच्या नावावर आधीच्या केसेस आहेत, तो फासावर जाईल. बासू, म्हणजे आमचा वसू, शिकलेला, डाक्तारबाबूंचा मुलगा, पहिलाच गुन्हा; त्याने ठाण्यात जाऊन सांगावं की झटापटीत माझ्या हातून झालं, जज दया दाखवतील. पुढच्या रविवारच्या आत. नाहीतर हारूदाला वाईट वाटेल. एवढं बोलून त्याने आईला वाकून नमस्कार केला आणि गेला.

हो म्हटलं तर तुरुंग, नाही म्हटलं तर बोळ. वसूदादा जमिनीवर बसून होता. सिनेमातला कोपऱ्यातून बोलणारा ओठ आता नुसता थरथरत होता.

पोलिसांकडे जाऊन खरं सांगावं असं अण्णांच्या मनात होतं. पण आमच्या ठाण्याच्या बाकावर हारूदाची माणसं चहा पीत बसलेली अख्ख्या गल्लीने पाहिली होती. आईने दुसरा विचार केला. सकाळी तिने दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. बंगालमध्ये दारावर कडुनिंब म्हणजे घरात देवी आलेली. कांजण्यांना तिथे आईची दया म्हणतात, आणि अशा घरात कुणी पाऊल टाकत नाही. मुखर्जीकाकूंनी जिन्यातूनच विचारलं, "कुणाला?" "वसूला," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी खरी भीती होती की काकूंनी लगेच हात जोडले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी दोन मुलं दिवसभर उभी असत. तीही वर आली नाहीत. वसूदादा मागच्या खोलीत, खिडकी बंद करून. त्या दिवसांत आमच्याकडे फोडणी झाली नाही, कारण देवी असलेल्या घरात फोडणीचा वास आला असता तर गल्लीला संशय आला असता. आम्ही वरण-भात आणि उकडलेला भोपळा खायचो. वाढताना भांड्याला डाव लागला तरी आई दचकायची. जिन्यात पाऊल वाजलं की चौघंही घास थांबवून पावलं मोजत असल्यासारखे गप्प व्हायचो. पाऊल दूर गेलं की मग कुणीतरी घास गिळायचं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या ओळखीच्या गोडबोल्यांचं वऱ्हाड मुंबई मेलने नागपूरला निघायचं होतं. कलकत्त्याची मराठी माणसं लग्नाला निघाली की पन्नास-साठ जण, ट्रंका, रुखवताच्या टोपल्या, असं सगळं स्टेशनवर उतरे. त्या गर्दीत डोक्यावर ट्रंक घेतलेला एक मुलगा कुणाच्या डोळ्यांत भरणार? नागपूरला माझा मामा होता. ठरलं.

चेंबर बंद ठेवलं असतं तर ते दिसलं असतं, म्हणून अण्णांनी ते उघडं ठेवलं. देवी वरच्या मजल्यावर आहे आणि खाली सगळं फिनेलने धुतलं आहे, अशी पाटीच लावली. पेशंट थोडे आले. शनिवारी दुपारी दत्तबाबू आले. सूज उतरली होती, दाढ काढायची होती. मी पार्टिशनमागे होते. भांड्यातलं पाणी उकळत होतं. अण्णांनी बधिरतेचं इंजेक्शन दिलं आणि ते चढायची वाट बघत उभे राहिले. अशा रिकाम्या वेळात त्यांचं बोलणं सुरू व्हायचंच. इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी तरी ती मोडावी हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. उलट वर वसूदादासमोर जे बोलता येत नव्हतं ते बोलायला हीच एक जागा होती.

"गोडबोल्यांना सांगितलंत?" आईने विचारलं.

"फक्त नाना गोडबोल्यांना. ते स्टेशनच्या गेटपाशी त्याच्या डोक्यावर ट्रंक देतील. तोंड जरा मोठं उघडा, दत्तबाबू," हे शेवटचं बंगालीत.

"आणि घरातून कसा काढायचा?"

"मागच्या जिन्याने. भंगी येतो त्या दाराने. पाच वाजता पानवाल्याकडची पोरं चहाला जातात, मी बघून ठेवलंय. नागपूरला तुझा भाऊ स्टेशनवर येतोय ना?"

"तार केली. 'लग्नाला निघतोय' एवढंच लिहिलं." मग आईचा आवाज बारीक झाला. "अहो, त्या हारूचं माणूस स्टेशनवर असलं तर?"

"वऱ्हाडात कोण शोधतंय. त्या हारूला काय स्वप्न पडणार आहे?"

दत्तबाबूंनी हात वर केला. थुंकायचं असलं की पेशंट हात वर करत. आईने वाडगा पुढे धरला. ते सावकाश उठून बसले, चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले. मग बधिर झालेल्या ओठातून, तुटक पण स्वच्छ मराठीत म्हणाले, "स्वप्न कशाला पडेल, डाक्टर? तूच सांगितलं की सगळं."

भांड्यातलं पाणी उकळत होतं आणि मला ते बंद करायला हात उचलता येईना. दुधी काचेतून तीन आकृत्या दिसत होत्या, तिन्ही स्थिर.

"मी माझगावच्या गोदीत होतो. लई वर्षं," तो माणूस म्हणाला. "पोरगा होतो तेव्हा गेलो. तू माणूस चांगला, डाक्टर. हात हलका. बासू माझ्या पोरांना बोलला होता, माझा बाप दुखवत नाही, म्हणून आलो. पण तुम्ही दोघं बोलता लई. पानाची टपरी बोलला, ते पण ऐकलं."

"तुम्ही हारूदा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दाढ काढ आधी. औषध उतरेल," म्हणून त्याने मान मागे टाकली.

अण्णांच्या हातात चिमटा होता. मी नंतर कितीतरी वेळा त्या क्षणाचा विचार केला आहे. तो माणूस अर्धवट बधिर, मान मागे टाकलेला. आणि अण्णा हातात पोलादाची वस्तू घेऊन त्याच्यावर वाकलेले. हारूदाही तेच बघत असावा, कारण तो म्हणाला, "काय विचार करतो?" अण्णा म्हणाले, "तोंड उघडा." पण आईने मध्ये हात घातला. तिने अण्णांच्या हातातून चिमटा काढून ट्रेमध्ये ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"थांबा," ती म्हणाली. "तू मराठी बोलतोस तर मीपण बोलते. माझगावला जेवायचास कुठे?"

हारूदाला हे अपेक्षित नसावं. "खानावळीत. आक्काच्या."

"पैसे नसले की?"

"वाढायची."

"तुला तिने कधी कुणाच्या हवाली केलं असतं का?"

"डाक्टरीणबाई," तो हसल्यासारखा झाला, पण अर्धाच ओठ हलला, "आक्काची गोष्ट करून मला रडवू नको. ते सिनेमात असतं. मला पोरगा पायजे. माझ्या बहिणीला एकच पोरगा आहे."

"मलाही एकच आहे."

बाहेर ट्राम वळली, कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. आई पुढे बोलू लागली, आणि तिचा आवाज भाजी घेताना असतो तसा झाला, कोरडा, नेमका. "तो तुझ्या कामाचा नाही. खोटं त्याला जमत नाही. जजसमोर पहिल्याच प्रश्नाला तुझ्या भाच्याचं नाव सांगेल. इथे राहिला तर कधी ना कधी कुणाला तरी सांगेलच. तो इथे नसलेलाच तुला बरा. मी त्याला पाठवते आहे तर पाठवू दे. मी शब्द देते, माझा जीव असेपर्यंत तो हावडा स्टेशनवर उतरणार नाही. लग्नाला नाही, बापाला काही झालं तरी नाही, मला काही झालं तरी नाही. आणि तो कुणापाशी बोलणार नाही. उतरला तर तुला करायचं ते कर."

हारूदाने तिच्याकडे पाहिलं. मग तो अण्णांना म्हणाला, "बाई खरं बोलते की बोलायचं म्हणून?"

"माझ्यापेक्षा खरं बोलते," अण्णा म्हणाले.

हारूदाने मान पुन्हा मागे टाकली. "पाच वाजता पोरं चहाला जातील," तो म्हणाला. "आता काढ."

अण्णांनी दाढ काढली. मी पार्टिशनच्या कडेने पाहत होते. त्यांनी घाई केली नाही. मुळं वेगवेगळी करून एक एक सोडवलं, कापूस दाबला, चावून धर म्हणून सांगितलं, आणि गरम काही घेऊ नये, चोवीस तास पान खाऊ नये, हेही रोजच्यासारखं सांगितलं, फक्त मराठीत. तो गेल्यावर ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

वसूदादा पाच वाजता मागच्या दाराने गेला. आईने त्याच्या शर्टाची वर केलेली कॉलर खाली वळवली, एवढंच. स्टेशनवर मी आणि अण्णा वऱ्हाडाला पोचवायच्या निमित्ताने गेलो. खांबाला टेकून उभा असलेला प्रत्येक माणूस मला हारूदाचा वाटत होता. वसूदादा ट्रंक डोक्यावर घेऊन गोडबोल्यांच्या आजींमागून चालला होता आणि आजी त्याला ओरडत होत्या, "अरे, नीट धर, आत लोणचं आहे!" गाडी हलली तेव्हा त्याने वळून पाहिलं नाही. तसं ठरलं होतं.

त्यानंतर आई वर्षातून एकदा नागपूरला जायची. त्याचं लग्न तिथेच झालं. त्याने औषधांचं दुकान काढलं, अण्णांशी पत्रातून बोलू लागला, आणि समोरासमोर कधी जमलं नव्हतं इतकं बोलला. अण्णा गेले तेव्हा मी फोन केला. तो आला नाही. अग्नी माझ्या चुलतभावाने दिला.

एक गोष्ट मी गाळणार होते, पण गाळत नाही. पोलिसांना कुणीतरी हवं होतं आणि ते मिळालं. डमडमच्या एका विधवेचा मुलगा ठाण्यात जाऊन बोलला की माझ्या हातून झालं. तो सभ्य चेहऱ्याचा नव्हता, इंग्रजीही येत नव्हतं, जजनी दया दाखवली नाही. तो कितीतरी वर्षं आत होता. हे वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात आलं. आईने ते वाचलं, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत एकटी डमडमला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पुडी होती. त्या बाईने तिला कुठल्याशा संस्थेकडून आलेली समजून घरात घेतलं होतं, पंख्याने वारा घातला होता, आणि येताना गुळातल्या लाह्यांचे लाडू बांधून दिले होते. आईने ते आम्हाला खाऊ दिले नाहीत, टाकूही दिले नाहीत. फडताळात मुंग्या झाल्या तेव्हा ती पुडी कुठे गेली, मला माहीत नाही. तिने त्या बाईला काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. मी आता तेव्हाच्या तिच्याहून म्हातारी आहे आणि तरी यावर माझं मत काय हे मला लिहिता येत नाही.

हारूदा पुढे कावीळ होऊन मेला. मी वसूदादाला कळवलं. तो "बरं" म्हणाला. मी म्हटलं, आता ये. तो म्हणाला, "आई आहे ना अजून." आई गेल्यावर पुन्हा म्हटलं, आता तरी. तेव्हा तो म्हणाला, "आता कुणासाठी येऊ गं? तुझ्यासाठी येतो म्हणालो असतो, पण मला तिथला रस्ता आठवत नाही." मला ठाऊक होतं की आठवतो. मी आग्रह केला नाही.

सिनेमागृहाच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. चेंबर आम्ही विकलं, गल्लीतलं घरही. आईचं, अण्णांचं आणि वसूदादाचं मिळून जे शिल्लक आहे ते एवढंच: त्याची नात मुक्ता गेल्या महिन्यापासून सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला लागली आहे, आणि माझ्याकडे राहते. तिला आणायला मी हावडा स्टेशनवर गेले होते. ती दोन बॅगा घेऊन उतरली.